चिंचोक्यांचा कौल

गेल्या मे महिन्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात चौदा मुलांनी मतदान केलं. आम्ही नाशिकच्या द्वारका चौकाच्या इतक्या जवळ राहतो, की पुलाखालच्या रिक्षावाल्यांचं 'नाशिकरोड, नाशिकरोड' घरात बसून ऐकू येतं. मुलांना खेळायला अंगण नाही. म्हणून सुट्टीत संध्याकाळी ती जिन्यात जमतात आणि मी पायरीवर बसून गोष्टी सांगते. त्या आठवड्यात पाच संध्याकाळी पाच गोष्टी झाल्या: सिंह आणि ससा, माकड आणि मगर, कासव आणि हंस, निळा कोल्हा, चिऊ आणि काऊ. सहाव्या दिवशी मी पाच वाट्या मांडल्या, प्रत्येकीत त्या त्या प्राण्याचं चित्र ठेवलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक चिंचोका दिला. सगळ्यांत आवडलेल्या गोष्टीच्या वाटीत तो टाकायचा.

पहिल्या फेरीत सातवीतला एक मुलगा पुढे झाला आणि त्यानं चिंचोका सिंहाच्या वाटीत टाकला. त्याच्यामागून एकेक करत तिथेच एकूण नऊ चिंचोके पडले. मला ते खरं वाटेना. मी वाट्या रिकाम्या केल्या, वर ओढणी अंथरली आणि म्हटलं, आता ओढणीखाली हात घालून टाकायचा, कोणी कोणाचं बघायचं नाही. मोजणी झाली तेव्हा माकड-मगरीला सहा चिंचोके पडले होते, निळ्या कोल्ह्याला पाच, चिऊ-काऊला दोन आणि सिंह-सशाला एक. कासवाची वाटी रिकामी होती.

मी कारणं विचारली. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "आजी, मगरीनं आधी फसवलं, पण भर पाण्यात खरं सांगून टाकलं ना? मग माकडानं तिला एकदा तरी माफ करायला हवं होतं." निळ्या कोल्ह्याला मत देणारा सात वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाकीचे कोल्हे ओरडले म्हणून त्यालाही ओरडावंसं वाटलं. त्यात त्याचं काय चुकलं?" आणि कासवाला कोणीच का मत दिलं नाही, यावर तीन-चार जण एकदमच बोलले: "तो बोलला म्हणून मेला!" बडबड करू नये हे शिकवायला आपण पिढ्यान्‌पिढ्या जी गोष्ट सांगत आलो, तिला बोलायला आसुसलेल्या मुलांनी एकही मत दिलं नाही. त्या रिकाम्या वाटीकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

माणसासारखे बोलणारे, वागणारे, रुसणारे प्राणी ज्यात आहेत अशा पुस्तकांसाठी आणि कलाकृतींसाठी जगात असाच मतांवर ठरणारा एक वेगळा पुरस्कार आहे. त्याचं नाव उर्सा मेजर. 2001 सालच्या कलाकृतींपासून तो दिला जातो आणि त्याला परीक्षक मंडळ नाही. आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या कलाकृती वाचक-प्रेक्षकच सुचवतात आणि त्यांतून ठरलेल्या अंतिम यादीवर पुन्हा तेच मत देतात. कोणालाही भाग घेता येतो. कादंबरी, कथा, चित्रपट, चित्रकथा, व्यंगपट्टी, मासिक, छापील चित्रं, खेळ अशा वेगवेगळ्या विभागांत निकाल लागतो. 2016 सालचा उत्कृष्ट चित्रपट ठरला 'झूटोपिया', सशीण पोलीस आणि कोल्हा यांची गोष्ट. पण त्याच निकालात लहानशा प्रकाशकाच्या कादंबऱ्याही असतात. शिवाय वर्षभर वाचकांच्या शिफारशींची एक यादी चालू ठेवली जाते आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. निकाल एका दिवशी लागतो. यादी मात्र वर्षभर हे वाचा, ते बघा असं सांगत राहते.

उर्सा मेजर म्हणजे मोठं अस्वल. आकाशातला हा तारकासमूह आपल्याकडे सप्तर्षी म्हणून ओळखला जातो. पण शतपथ ब्राह्मणात सांगितलं आहे की या सात ऋषींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत, आणि ऋक्ष म्हणजेही अस्वल. आपण त्या अस्वलांचे ऋषी केले. मला हे फार सूचक वाटतं, कारण गोष्टींतल्या प्राण्यांचंही आपण तेच केलं. सगळ्यांना ऋषी बनवून उपदेशाला बसवलं.

आपल्याकडे प्राण्यांच्या गोष्टींचा विचार होतो तो बालवाङ्मय या सदराखाली. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मय आहे. साहित्य अकादमीनं 2010 पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. हे सारं हवंच आणि त्यांनी चांगली पुस्तकं पुढे आणली. पण निवड मोठी माणसं करतात. मोठा माणूस मुलांचं पुस्तक हातात घेतो तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, यातून मुलांना काय मिळेल? प्रश्न वाईट नाही. मात्र पुस्तक ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्या मनात तो नसतोच. त्याला कळायचं असतं की मगरीला वाईट वाटलं का. माझं म्हणणं एवढंच आहे, की बोलक्या प्राण्यांच्या साहित्याला आणि कलेला निदान एक पुरस्कार असा असावा, जो वाचणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी स्वतः मत देऊन ठरवावा. त्यात मुलांचं मत मोठ्यांच्या मताइतकंच मोजलं जावं. आणि तो नाशिकमध्ये सुरू व्हावा.

नाशिकच का, याला कारण आहे. द्वारका चौकातून मुंबईच्या दिशेनं निघालं की काही किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर लागतो, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचं वर्णन त्या सातवाहन राजमातेनं दगडात कोरवून घेतलं. लेण्यांच्या खांबांच्या माथ्यावर प्राण्यांच्या जोड्या बसल्या आहेत. याच सातवाहनांच्या दरबारातला म्हणून सांगितला जातो तो गुणाढ्य, 'बृहत्कथे'चा कर्ता. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं 'कथासरित्सागरा'त त्याची हकिकत दिली आहे. गुणाढ्यानं पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची कथा स्वतःच्या रक्तानं लिहिली. राजानं ती नाकारली. भाषा हलकी, वर रक्तानं लिहिलेली. मग गुणाढ्य रानात गेला, अग्नी पेटवला, एकेक पान मोठ्यानं वाचून त्यात टाकू लागला. भोवती हरणं, रानडुकरं, रेडे गोळा झाले आणि चरायचं विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, सुकं मांस खाल्ल्याचा हा परिणाम. आचाऱ्यांना विचारलं, त्यांनी शिकाऱ्यांकडे बोट दाखवलं. शिकारी म्हणाले, रानात कोणीतरी पोथी वाचतोय आणि जनावरांनी खाणं सोडलंय. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख उरले.

ही कथा मी पुरस्काराच्या दृष्टीनं वाचते. एक परीक्षक होता, सत्ताधीश आणि जाणकार. त्यानं भाषा पाहिली, प्रतिष्ठा पाहिली आणि ग्रंथ बाद केला. दुसरीकडे श्रोते होते. त्यांना व्याकरण ठाऊक नव्हतं, पण त्यांनी खाणं सोडलं. कौल त्यांचा खरा निघाला, आणि तो दरबारात पोचायला उशीर झाला म्हणून सातातले सहा भाग गेले.

तोच चौक, पुण्याचा रस्ता धरा. सिन्नर, संगमनेर मागे टाकून आळेफाट्याला पोचलात, की जवळच आळे गावात रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो हा रेडा अशी श्रद्धा आहे. संन्याशाची मुलं म्हणून ज्या चार भावंडांना बाहेर ठेवलं होतं, त्यांच्या बाजूनं बोलायला एक जनावर उभं राहिलं आणि लोकांनी त्या जनावराची समाधी बांधून पूजा केली. ज्याला बोलण्याचा अधिकार नाकारला आहे, तो बोलला तर काय होईल? बोलक्या प्राण्याच्या गोष्टीच्या मुळाशी हा प्रश्न असतो. म्हणूनच ती 'लहान मुलांसाठीची' म्हणून बाजूला सारता येत नाही.

पंचतंत्रही मुळात बाळबोध नव्हतं. अमरशक्ती राजाच्या तीन मंद मुलांना सहा महिन्यांत राजनीती शिकवायची होती, म्हणून विष्णुशर्म्यानं ते सांगितलं. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे म्हणजे दरबारातून बाजूला पडलेले मंत्रीपुत्र, आणि सिंह-बैलाच्या मैत्रीत फूट पाडण्याचं दमनकाचं काम आजच्या कुठल्याही पक्षकार्यालयात शिकवण्यासारखं आहे. सहाव्या शतकात ते इराणात गेलं, आठव्या शतकात अरबीत 'कलीला व दिम्ना' झालं. आणि आपण त्याचं काय केलं? गुळगुळीत कागदावर रंगीत चित्रं छापली, शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य घातलं आणि वाढदिवसाला भेट द्यायला ठेवलं. मुलांच्या हाती दिलं याचं मला वाईट वाटत नाही. गोष्टीचे दात काढून दिलं, याचं वाटतं.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'ला 1983 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या झगड्यावरची ती लहानशी कादंबरी. तिला कोणी बालवाङ्मय म्हटलं नाही. म्हणजे तज्ज्ञ समितीला प्राण्यांच्या कथेची थोरवी कळत नाही असं मी म्हणूच शकत नाही. कळते, आणि अशा वेळी समितीचं काम अमोल असतं. पण 'सत्तांतर'सारखं पुस्तक वारंवार येत नाही. मधल्या वर्षांत जी शेकडो चित्रकथा, बालनाट्यं, मासिकांतल्या गोष्टी, मुखवटे, चित्रं येतात आणि जातात, त्यांतलं काय टिकलं, कुणाच्या मनात घर करून राहिलं, याची नोंद समिती ठेवू शकत नाही. ती वाचकच ठेवू शकतो.

नुसत्या पुस्तकांचंही हे नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात आणि पलीकडे मोखाडा-जव्हारला बोहाडा होतो. देव, दानव, पशू यांची सोंगं मोठाले मुखवटे चढवून रात्रभर नाचतात. तो मुखवटा वाहणारा माणूस वाघ किंवा वानर होतो तेव्हा लहान मुलं आईच्या पदरामागे दडतात आणि त्याच पदराआडून बघतात. ते मुखवटे करणारे हात कुठल्या वाङ्मय पुरस्कारात बसणार? उर्सा मेजरसारखा पुरस्कार कादंबरीबरोबर चित्राला आणि खेळालाही जागा देतो. आपल्याकडे तसा झाला, तर कादंबरीकाराशेजारी मुखवटेवाल्याचं नाव लागू शकेल.

नाशिकनं प्रेक्षकांचा कौल पूर्वी पाहिलेलाही आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1917 मध्ये 'लंकादहन' काढला. मूकपट. पडद्यावर हनुमान उडाला आणि लोकांनी इतकी गर्दी केली, की तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात. शब्दही न बोलणाऱ्या त्या वानराला लोकांनी आणेली-दोनआणेली टाकून मत दिलं.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते खरे आहेत आणि ते डावलून पुढे जाता येणार नाही.

पहिला आक्षेप असा, की लोकप्रिय ते चांगलं नव्हे. एका ज्येष्ठ समीक्षकांनी मला हेच ऐकवलं: मतदान ठेवाल तर टीव्हीवरचं कार्टूनच जिंकेल. मलाही ही धास्ती होती. जिन्यातल्या पहिल्या फेरीत तसंच झालं, सगळे मोठ्या मुलामागे गेले. पण ओढणी अंथरल्यावर नऊ मतांचं एक मत झालं. दोष मतदारांच्या आवडीत नव्हता, मतदानाच्या रीतीत होता. एसएमएसची मतं मागणारे कार्यक्रम आपण वर्षानुवर्षं पाहिले. तिथे एकाच माणसाला पैसे मोजून पन्नास मतं देता येत. त्याला कौल म्हणत नाहीत, विक्री म्हणतात. तेवढ्यावरून वाचकांच्या मताला नावं ठेवणं अन्यायाचं आहे.

दुसरा आक्षेप गटबाजीचा, आणि तो अधिक गंभीर आहे. विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार 1953 पासून जागतिक संमेलनाच्या सभासदांच्या मतांवर दिला जातो. 2015 साली स्वतःला 'पपीज', म्हणजे कुत्र्याची पिल्लं, म्हणवणाऱ्या दोन गटांनी ठरवून याद्या फिरवल्या आणि नामांकनं आपल्या बाजूला वळवली. बाकीचे मतदार चिडले, पण त्यांनी पुरस्कार बंद करा म्हटलं नाही. पाच विभागांत त्यांनी 'कोणालाही नको' या पर्यायाला बहुमत दिलं. नंतर नामांकनं मोजण्याची रीतच बदलण्यात आली आणि 2017 पासून नवी रीत लागू झाली.

आपण अशा वेळी काय केलं ते आठवून पाहा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष निवडणुकीनं ठरत असे. मतदार जेमतेम हजार-अकराशे, मतपत्रिका टपालानं जात आणि गठ्ठे गोळा केल्याच्या तक्रारी ऐकू येत. अखेर निवडणूकच काढून टाकली गेली. 2019 च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची एकमतानं निवड झाली आणि ती फार चांगली निवड होती. द्वारकेहून आग्ऱ्याच्या दिशेनं गेलं की आडगाव लागतं, तिथे 2021 च्या डिसेंबरात झालेल्या संमेलनाला जयंत नारळीकरांसारखा अध्यक्ष लाभला, तोही याच पद्धतीनं. या नावांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण हजार मतदारांत गैरप्रकार होतात म्हणून मतदारच कमी करायचे, हा उपाय मला पटत नाही. मतदार दहा हजार करायला हवे होते. थोडक्या लोकांचे गठ्ठे बांधता येतात. गावोगावच्या पोरांचे कोण बांधणार?

तिसरा आक्षेप वनखात्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी घेतला आणि तो मला रात्रभर छळत राहिला. ते म्हणाले, "ताई, बोलणारा वाघ मुलांच्या डोक्यात घालू नका. उसातून बिबट्या गावात येतो, शहरात येतो. लोक मोबाइल घेऊन त्याच्या मागे धावतात. त्यांना तो गोष्टीतला वाटतो." नाशिककरांना हे सांगायला नको. बिबट्यानं माणसं जखमी केल्याच्या बातम्या आपण आपल्याच वस्त्यांमधून वाचल्या आहेत. त्यांचं म्हणणं अर्धं मान्य करते. प्राण्याला माणसाचा निव्वळ अंगरखा चढवणारी गोष्ट प्राण्याबद्दल काहीच शिकवत नाही. पण याच जिल्ह्यातले आदिवासी वाघबारसेला वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. वाघाशी बोलतात, त्याला विनवतात आणि त्याच्या वाटेला जात नाहीत. देवाच्या मागे मोबाइल घेऊन कोणी धावत नाही. जनावराला मन आहे असं मानणं आणि त्याला खेळणं मानणं, यांत फार अंतर आहे. चांगली गोष्ट पहिलं करते, वाईट गोष्ट दुसरं. मुलांना हा फरक कळतो का? कोल्ह्याला ओरडावंसं वाटलं त्यात त्याचं काय चुकलं, असं विचारणाऱ्या मुलाला तो कळला होता. कोल्ह्याचं कोल्हेपण त्यानं नेमकं पकडलं होतं.

इंग्लंडमध्ये 1980 पासून मुलांच्या पुस्तकांचा एक पुरस्कार पूर्णपणे मुलांच्या मतांवर दिला जातो. म्हणजे हे कुठल्या स्वप्नातलं बोलणं नाही. नाशिकला तर साधनं हाताशी आहेत. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून उभं आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना पुस्तकांच्या पेट्या घेऊन वस्त्यावस्त्यांत पोचली आहे. पेटी येते, वाचली जाते, पुढच्या ठिकाणी जाते. त्या पेटीबरोबर एक मतपेटी ठेवायला किती खर्च येईल? प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार 1991 मध्ये विजय तेंडुलकरांपासून सुरू झाला आणि त्याला रामायणातल्या या प्रदेशाचं नाव दिलं गेलं. त्याच जनस्थानात जटायू रावणाला आडवा आला. बोलणाऱ्या पक्ष्यानं जिथे प्राण दिले असं मानतात, ते टाकेद इगतपुरी तालुक्यात आहे. या पुरस्काराला जटायूचं नाव द्यावं असं मला वाटतं, पण तेही मतानं ठरू दे.

नियम थोडे पण कडक हवेत. अंतिम यादीत पाच पुस्तकं असतील तर त्यांतली निदान तीन वाचल्याशिवाय मत नाही. एका माणसाचं एक मत, आणि ते ओढणीखाली. रक्कम लहान असावी, म्हणजे तिच्यासाठी कोणी गठ्ठे बांधणार नाही. मोजणी सगळ्यांसमोर व्हावी आणि सगळे आकडे जाहीर व्हावेत, शून्यसुद्धा. आणि एक वाटी 'यांपैकी काहीच नाही'साठी हवीच. 2013 पासून मतदानयंत्रावर ते बटण आपल्याला मिळालं आहे. मुलांनाही मिळू दे. एखाद्या वर्षी सगळे चिंचोके त्याच वाटीत पडले, तर ती बातमी लेखक-प्रकाशकांपर्यंत पोचायलाच हवी.

वाचनालयं चालवणाऱ्यांना, शिक्षकांना आणि इमारतीत चार मुलं गोळा करू शकणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. संस्था ठरवतील तेव्हा ठरवतील. येत्या उन्हाळी सुट्टीत तुमच्या जिन्यात, ओट्यावर किंवा वर्गात प्राण्यांच्या पाच गोष्टी वाचा, पाच वाट्या आणि एक रिकामी वाटी मांडा आणि वर कापड घालायला विसरू नका. निकाल कागदावर लिहा, मुलांनी सांगितलेल्या कारणांसकट, आणि तो जवळच्या वाचनालयाच्या फळ्यावर लावा. आमच्या जिन्यातल्या चौदा मतांचा कागद मी वहीत जपून ठेवला आहे. त्याच्या शेजारी लावायला मला तुमचा कागद हवा आहे.